दुधातला जीव

माझं माहेर वडूजच्या खालच्या अंगाला, लय आत, नाव सांगून तुमाला कळायचं न्हाई एवढं बारकं गाव. कोरडवाहू रान, शाळू आन बाजरी, पाऊस बरा झाला तर मटकी. आमचे आबा मापारी होते. मापारी म्हंजी खळ्यावर धान्याची रास पडली की ती पायलीनं मोजून देणारा माणूस, आन पायली म्हंजी लोखंडाचं गोल माप, डब्यासारखं. आबांच्या पायलीचा काठ हात लागून लागून आरशागत झाला होता. कुणाचं खळं असलं की आबांना बोलावणं यायचं आन त्यांच्या मागं मी, कारण आई रानात आन घरात धाकटी मीच. आबा राशीपुढं उकिडवे बसायचे, पयली पायली भरायचे, वर शीग लावायचे आन म्हणायचे, लाभ. एक म्हणायचे न्हाईत. पयल्या मापाला लाभ, मग दोन, मग तीन. मी इचारायची, आबा, एक का म्हणायचं न्हाई, तर म्हणायचे, अगं एकटं कोण बरकतीला येतंय, लाभ म्हटलं की रास चालू होती.

काय सांगू तुमाला, मी शाळा शिकले सातवीपतूर, पण खरी शाळा ती राशीपुढची. लोक म्हणायचे पायलीला चार किलो. आबा लय चिडायचे. पायलीला किलो असतात व्हय रं, म्हणायचे, पायली ही जागा हाय, किलो हा भार हाय, जागेत काय भरलंय ते आदी सांग. तीच पायली शाळूनं भर, हाताला ओढ लागंल, तीच सूर्यफुलानं भर, पोरगी पण उचलंल. असं म्हणून माझ्याच हातात द्यायचे आन माणसं हसायची.

एका साली काय झालं, एका बड्या शेतकऱ्यानं आबांना बोलावलं. त्याच्या सालगड्याला वर्षाच्या कामापोटी शाळू द्यायचा ठरलेला, इतक्या पायल्या म्हणून. तो गडी, त्याची बायको, दोघं पोती घेऊन उभी. मालकानं कणगीतला जुना शाळू काढला. आबांनी पायली भरली, शिगोशीग भरली, आन लाभ म्हणायला तोंड उघडलं ते तसंच ऱ्हायलं. पायली जरा उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मग एक मूठ शाळू घेतला आन शेजारच्या पाण्याच्या बादलीत टाकला. सगळा वर तरंगला हो. किड्यानं आतनं खाल्लेला, नुसती टरफलं. मालक म्हणाला, मापारी, माप भरलंय न्हवं, मग मोजा की. आबा म्हणाले, माप भरलंय, पण ह्यात जीव न्हाई, ह्याला मी लाभ म्हणायचा न्हाई. पायली पालथी केली, काखेत मारली आन माझा हात धरून निघाले. त्या खळ्यावर आबांना परत कुणी बोलावलं न्हाई, आन आबांनी त्याचं कवा वाईट वाटून घेतलं न्हाई. वाटंत मला म्हणाले, शालन, जागा डोळ्याला दिसती, भार काट्याला दिसतो, पण तेवढ्याच जागेत किती भार बसलाय ते बघणं म्हंजी जीव बघणं. लुबाडणारा कायम ह्या तिसऱ्या गोष्टीत लुबाडतो.

आन एक तेलाची गोष्ट. गावात शेंगतेल मापानं मिळायचं. आबा म्हणायचे, तेल आणाय सकाळी जा, उन्हं चढल्यावर जाऊ नगस. का, तर पत्र्याखाली डबा तापतो, तेल फुगतं, जास्ती जागा धरतं, मग माप तेवढंच आन तेल कमी. मी म्हणायची, फुगून फुगून किती फुगणार, केसभर. आबा म्हणायचे, केसभरच असतंय गं सगळं. हे मी का सांगतीया ते पुढं कळंल तुमाला.

लग्न होऊन मी कोरेगावच्या बाजूला आले. कॅनॉलचं गाव, जिकडं बघावं तिकडं ऊस. आमचे मालक, म्हंजी स्वातीचे वडील, फौजेत, वर्षातनं दोनदा सुट्टी. घरात आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, मी, आन पुढं झालेली लेक स्वाती. गोठ्यात एक जर्सी गाय, तांबडी. आन आमच्या गोठ्याला लागून बोळ, बोळाच्या पलीकडं डेरी. वीस पावलं मोजून. धार काढून उठले की फेस बसायच्या आत माझी किटली डेरीच्या टेबलावर. वस्तीवरच्या बायका अर्धा अर्धा कोस चालत यायच्या, मी मात्र सगळ्यांच्या आदी. मला लय मिजास त्याची, माझ्यासारखं ताजं दूध गावात कुणाचं न्हाई म्हणून. आन तेच माझ्या अंगावर आलं बघा.

आदी काय व्हायचं, सगळ्यांचं दूध घ्यायचे, बाटलीत थोडा नमुना काढून ठेवायचे आन दुपारी तपासायचे. मग डेरीत नवा सेक्रेटरी आला. सगळे त्याला अण्णा म्हणायचे. माणूस सरळ, पैशाला चोख, पण नियम म्हटला की त्याच्या पुढं माणूस दिसायचा न्हाई. त्यानं नियम काढला, आठवड्यातनं एकदा, कवा ते सांगायचं न्हाई, दूध आल्या आल्या तिथंच डिग्री लावायची, पाणी निघालं की फळ्यावर नाव, आन तीनदा नाव लागलं की दूध कायमचं बंद. डिग्री म्हंजी काचेची बंद नळी, खाली फुगा, वर बारीक दांडी, दांडीवर आकडे. दुधात सोडली की तरंगती. दूध दाट असलं तर दांडी वर ऱ्हाती, पातळ असलं तर बुडती, आन दुधाच्या काठाला जो आकडा येईल तो वाचायचा. गाईच्या दुधाला अठ्ठावीस पायजे असा आमच्या डेरीचा ठराव.

पयल्याच तपासणीत माझी आली सव्वीसच्या खाली. अण्णानं काही इचारलं न्हाई, खडू घेतला आन फळ्यावर लिवलं, शालन, आन पुढं, पाणी. मी म्हटलं, अण्णा, मी पाणी घातलेलं न्हाई. अण्णा म्हणाले, वहिनी, काच कुणाची पाव्हणी न्हाई, ती खोटं बोलत न्हाई. पुढच्या आठवड्याला परत तेच. दुसऱ्यांदा नाव.

आता गावात फळ्यावर नाव म्हंजी काय हे तुमाला सांगायला नको. नळावर गेले की बायका बाजूला व्हायच्या आन हौसाआक्का, ही वस्तीवरची, तोंडानं लय फाटकी, मोठ्यांदा म्हणायची, सरा गं सरा, शालनला आदी भरू द्या, तिला पाणी जास्त लागतंय. हौसाआक्काची डिग्री कायम तिसाच्या वर, अण्णा तिचं उदाहरण द्यायचे, दूध असावं तर आक्कासारखं. पण नळावरचं मी गिळलं. लागलं ते दुसरंच. कुणीतरी मालकांच्या कानावर घातलं. तिकडं बर्फात माणूस उभा, आठवड्यातनं एकदा फोन, आन त्या फोनवर मला इचारतात, शालन, खरं सांग, रागवायचो न्हाई, पाणी घालतीस का. मी फोन आत्याबाईंच्या हातात दिला आन गोठ्यात जाऊन बसले. आवं, मी मापाऱ्याची लेक. माझ्या बापानं भरल्या पायलीला लाभ म्हणायला नकार दिला आन माझ्या नावापुढं पाणी.

तिसऱ्या आठवड्याला आत्याबाईंचा पाय मुरगळला. धार काढून झालेली, पण मी त्यांना तेल लावत बसले, किटली मोरीच्या गार फरशीवर तशीच. तास दीड तास गेला. मग पळत डेरीत गेले तर नेमकी तपासणी. डिग्री आली अठ्ठावीसच्या वर. अण्णा हसून म्हणाले, बघा वहिनी, आज पाणी न्हाई घातलं तर कशी आली. सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण त्या तिडकीतच कुठंतरी आबांचं तेल आठवलं. तीच गाय, तीच वैरण, तीच किटली. बदललं काय, तर उशीर. आन उशिरानं काय झालं, तर दूध निवलं.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं, आत्याबाई, दूध गरम असलं की फुगतंय, जागा जास्त धरतंय, भार तेवढाच, मग जीव पातळ दिसतोय. वस्तीवरच्यांचं दूध चालत येतंय तवर निवतंय, माझं कासंतनं थेट काचेत जातंय. घर जवळ हाय हाच माझा गुन्हा. आत्याबाई म्हणाल्या, एवढंच न्हवं, मग उद्यापासनं उशिरा जात जा, झालं, कशाला वाद वाढवतीस. मी म्हटलं, आन त्या दोन बारी नाव लागलं त्याचं काय. उशिरा जाऊन डिग्री आली तर सगळे म्हणणार, फळ्यावर नाव लागलं, मग सुधारली. म्हंजी मी चोर होते हे कायमचं खरं ऱ्हायलं. मला नुसतं सुटायचं न्हाई, मला ते खोटं ठरवायचंय. आत्याबाई म्हणाल्या, जा बाई, कर तुझ्या मनासारखं, पण डोळ्यात तेल घालून धार काढ.

स्वाती तवा आठवीत. ती म्हणाली, आये, हे आमच्या पुस्तकात हाय, आन घडाघडा म्हणून दाखवलं, घनता बराबर वस्तुमान भागिले आकारमान. मी म्हटलं, सावकाश सांग. तर वस्तुमान म्हंजी आबांचा भार, आकारमान म्हंजी आबांची जागा, आन घनता म्हंजी जीव. मला हसूच आलं. माझा बाप ज्याला जीव म्हणत होता ते सरकारनं पुस्तकात छापलंय आन आमच्या डेरीला पत्ता न्हाई. मग आम्ही मायलेकींनी घरीच डिग्री बनवली. जनावराच्या डॉक्टरानं टाकलेली इंजेक्शनची रिकामी बाटली घेतली, आत जरा वाळू घातली म्हंजी उभी तरंगंल, रबरी बुचात बॉलपेनची रिकामी रिफील खोचली, मेण लावून बंद केली. धारोष्ण दुधात सोडली आन दुधाच्या काठाला रिफीलीवर शाईची खूण केली. मग तेच दूध गार पाण्यात ठेवून निववलं आन परत सोडली. खूण नखभर वर आली. स्वाती टाळ्या वाजवाय लागली. मी म्हटलं, गप, अजून डेरी बाकी हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकामी किटली आन संगट स्वातीला घेऊन डेरीत गेले. म्हटलं, अण्णा, आज तुमी माझ्या गोठ्यात या, तुमच्या डोळ्यादेखत धार काढते. मी सांगते तसं करायचं, आन डिग्री अठ्ठावीसला न्हाई आली तर तुमी माझं दूध बंद करायची गरज न्हाई, मीच बंद करते, आन फळ्यावर तिसऱ्यांदा नाव माझ्या हातानं लिवते. अण्णांना ते पसंत पडलं न्हाई पण न्हाई म्हणायला जागा न्हवती, धा माणसं उभी होती. आले. हौसाआक्का पण आली, ती कशी ऱ्हाणार मागं. धारेची चरवी सगळ्यांना पालथी करून दाखवली, धार काढली, किटलीत ओतलं, वीस पावलं चालले. आदी किटली काट्यावर ठेवली, वजन स्वातीनं खडूनं फळ्यावर लिवलं. मग डिग्री. सव्वीसच्या खाली.

हौसाआक्का पदर तोंडाला लावून म्हणाली, म्हंजी तांबडीच पाणी घालती म्हणायची! सगळे हसले, मला पण हसू आलं, खोटं कशाला बोलू. अण्णा मात्र हसले न्हाईत. त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं धार बघितली होती. ते काचेकडं बघत म्हणाले, वहिनी, गाय आजारी असंल. मी म्हटलं, गाय बरी हाय, थांबा. किटलीला झाकण लावलं, वर अण्णांचाच रुमाल बांधला, गाठ अण्णांनीच मारली, आन किटली हिरीच्या गार पाण्याच्या मोठ्या बादलीत गळ्यापतूर ठेवली. म्हटलं, आता कुणी हात लावायचा न्हाई, मी तर जवळ पण येत न्हाई, मी त्या पायरीवर बसते.

पायरीवर बसले खरी, पण डोक्यात एकच, आपलं चुकलं तर? घरची बाटली, घरची वाळू, आठवीतली पोर आन सातवी शिकलेली आई. तांबडीचं दूध बंद म्हंजी स्वातीची शाळा, आत्याबाईंची औषधं सगळं त्यात आलं, आन त्याच्यावर तो फोन. मालकांना मग काय सांगायचं. पण आबांचा हात आठवला, पायली उचलून परत खाली ठेवणारा. हाताला जे कळलंय ते कळलंय.

तास झाला. अण्णांनी गाठ सोडली, झाकण काढलं. किटली बाहेरनं कोरडी पुसली, काट्यावर ठेवली. फळ्यावर लिवलेलं वजन आन काट्यावरचं वजन, एक. बारीक बघणाऱ्यांनी आत बघितलं, फेस बसलेला आन दूध वाईच खाली गेलेलं. मग डिग्री सोडली. अठ्ठावीस, आन वर जरा. अण्णांनी काच काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली, परत सोडली. परत अठ्ठावीस.

मी म्हटलं, अण्णा, पाणी पडलं असतं तर वजन वाढलं असतं, पाणी निघालं असतं तर वजन घटलं असतं. वजन जागच्या जागी हाय. दूध फक्त निवलं, जरा आवळून बसलं, जागा कमी धरली, म्हणून तेवढ्याच जागेत जीव वाढला. काच खोटं बोलली न्हाई, पण काचेला गरम दुधाचं इचारायचं आन माणसाला चोर ठरवायचं, हे खोटं. अण्णांनी फळ्यावरचं वजन परत एकदा वाचलं. मग म्हणाले, मग आक्काची डिग्री तिसाच्या वर कशी काय. मी म्हटलं, साय हलकी असती अण्णा, म्हणून तर वर येती. साय काढून घेतली की खालचं दूध जड होतं, डिग्री चढती. आन मी हौसाआक्काकडं वळून म्हटलं, आक्का, तुमच्याकडं तूप लय निघतंय वाटतं. आक्का म्हणाली, तोंड सांभाळून बोल गं भवाने, आन किटली उचलून चालायला लागली, पण चालता चालता हसत होती बाई. कुणीतरी म्हणालं, लिवा तिचं नाव फळ्यावर. मी म्हटलं, लिवायचं न्हाई. आदी फॅट मोजा, दुधात साय किती ते नीट तपासा, तिला इचारा, मग लिवा. नुसत्या एका आकड्यावर माणसाचं नाव लिवायचं न्हाई, हेच सांगायला मी पायरीवर बसले होते की.

अण्णा उठले आन माझं नाव पुसाय लागले. मी म्हटलं, पुसू नगा. पुसलं तर उद्या कुणाच्या ध्यानात ऱ्हाणार न्हाई. त्याच्या खाली लिवा, दूध गरम होतं, चूक तपासणीची. अण्णांचा हात अडला, मग त्यांनी खडू स्वातीच्या हातात दिला. स्वातीनं मोठ्या अक्षरात लिवलं, आन त्याच्या खाली अण्णांनी स्वतः एक ओळ लिवली, दूध निवल्याशिवाय डिग्री लावू नये. तो फळा महिनाभर तसाच होता. नंतर ती ओळ रंगानं भिंतीवर लिवून घेतली, अजून हाय, जाताना बघा.

मालकांचा फोन आला तवा त्यांना सगळं कळलेलं. म्हणाले, गलती हो गयी शालन, मी इचारायला नको होतं. मी म्हटलं, इचारलं ते बरं केलं, न इचारता मनात ठेवलं असतं तर मला कळलंच नसतं किती खोल गेलंय ते. आता ते रिटायर होऊन घरी हायत, ऊस बघतात, आन कुणी आलं की ही गोष्ट माझ्याआदी तेच सांगतात, जरा वाढवून सांगतात.

पुढं अण्णांनीच मला तपासणीला ठेवलं, डेरीतली पयली बाई मी. आता मशिन आलंय, नळी घातली की फॅट, डिग्री सगळं पडद्यावर. पण लाइट गेली की काचच काढावी लागती, आन लाइट आमच्याकडं कवा जाईल ते कुणाच्या हातात न्हाई. स्वाती आता साताऱ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवती. पोरांना पायली दाखवाय माझ्याकडनं आबांची पायली घेऊन गेली, शाळूनं भरती, सूर्यफुलानं भरती, पोरांच्या हातात देती. आबा असते तर म्हणाले असते, मापाऱ्याची नात शोभती.

परवाचीच गोष्ट. आमच्या बोळात नवी सून आलीया, गोठा अगदी डेरीला चिकटून, माझ्यापेक्षा जवळ. सकाळी लाइट न्हवती. पोरगी पळत पळत सगळ्यात आदी आली, किटलीतनं वाफ निघतीया, फेस तसाच. मी काच सोडली, सव्वीसच्या खाली. तिनं आकडा बघितला आन तिचं तोंड असं झालं, अगदी माझं झालं होतं तसं. म्हणाली, काकी, मी शप्पत पाणी न्हाई घातलं. मी म्हटलं, शपथ कशाला घेतीस, भिंतीवरचं वाच, आन बस इथं पायरीवर, चहा घे. तिची किटली मी गार पाण्यात ठेवली. तिच्या मागं रांग झाली, माणसं कुरकुरली, मी म्हटलं, थांबा गड्यांनो, पयलं माप तिचंच. दूध निवलं, काच परत सोडली, दांडी वर येऊन थांबली. मी वही ओढली, तिचं नाव लिवलं आन सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यांदा म्हटलं, लाभ.